हृदयाकृती सागरी अर्चिन : अभ्यासाचा इतिहास

हृदयाकृती सागरी अर्चिन : कंटकचर्मी संघाच्या एकायनॉयडिया वर्गातील स्पॅटँगॉयडा गणाच्या प्राण्यांना सामान्यपणे हे नाव दिले जाते. समुद्रतळाच्या वाळूत किंवा चिखलात स्वतःला पुरून घेऊन राहणे, हे या गणातील बहुतेक प्राण्यांचे वैशिष्ट्य होय. त्यांपैकी सर्वांत अधिक अभ्यासली गेलेली जाती म्हणजे एकायनोकार्डियम कॉर्डेटम. ही नॉर्वेपासून भूमध्य समुद्रापर्यंतच्या यूरोपीय किनाऱ्यांवर आढळते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खालच्या भागापासून सु. २०० मी. खोलीपर्यंतच्या वालुकामय तळांत तिचा आढळ आहे. ब्रिटिश कोळी तिला ‘समुद्री बटाटा’ म्हणतात. वादळानंतर पुळणीवर येऊन पडणारी तिची पातळ, ठिसूळ व मातकट रंगाची रिकामी कवचे लोकांच्या नेहमी पाहण्यात होती. परंतु वाळूखालचा जिवंत प्राणी फार उशिरा माहीत झाला. त्याची जीवनपद्धती उलगडल्यावर मात तिच्या आधारे सु. ९ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचा अर्थ लावण्याचा प्रयत्न झाला आणि क्रमविकासाच्या अभ्यासात या लहानशा प्राण्याला महत्त्वाचे स्थान मिळाले.

स्वरूप : खडकांवर राहणाऱ्या सामान्य सागरी अर्चिनाचे शरीर चेंडूसारखे गोल असते. त्याला पुढची व मागची अशी बाजू नसते. मुख खालच्या पृष्ठाच्या मध्यभागी व गुदद्वार वरच्या टोकाला असते. हृदयाकृती अर्चिनात ही सममिती बदलली आहे. मुख पुढच्या बाजूस सरकले आहे, गुदद्वार मागच्या टोकाला गेले आहे आणि प्राणी एकाच दिशेने, मुखाकडील बाजू पुढे ठेवून चालतो. पुढच्या बाजूला वरून खाली उतरत येणारी एक खाच असते व तीमुळे कवचाला बदामासारखा किंवा हृदयासारखा आकार येतो. एकायनोकार्डियम कॉर्डेटम या जातीचे कवच बहुधा ५ ते ६ सेंमी. व क्वचित ९ सेंमी. पर्यंत लांब असते. सामान्य अर्चिनाच्या मुखातील पाच दातांचा, ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ या नावाने प्रसिद्ध असलेला जबडा यांना नसतो. कारण शैवल खरवडून खाण्याऐवजी हे प्राणी गाळ गिळतात व त्यातील सेंद्रिय द्रव्यावर जगतात.

काट्यांतही कामाची वाटणी झालेली आहे. खालच्या पृष्ठावरील काही काटे टोकाशी चमच्यासारखे चपटे असून ते वाळू उकरून बाजूला सारतात. पाठीवरील बारीक, मागे झुकलेले काटे वाळू अंगाला भिडू देत नाहीत व त्यामुळे शरीराभोवती पाण्याची एक पातळ पोकळी राहते. कवचाच्या ठराविक भागांवर अत्यंत बारीक काट्यांच्या अरुंद पट्ट्या असतात. या काट्यांवर पक्ष्माभिका (केसासारख्या हलणाऱ्या सूक्ष्म वाढी) असून त्यांच्या हालचालीमुळे पाण्याचा प्रवाह निर्माण होतो. शिवाय या पट्ट्यांतून श्लेष्मा (बुळबुळीत स्राव) स्रवतो. या पट्ट्या बारीक काटे गळून पडल्यावरही कवचावर गुळगुळीत खुणेच्या रूपाने टिकून राहतात. जीवाश्मांच्या अभ्यासात या गोष्टीचा मोठा उपयोग झाला आहे.

प्रारंभीची माहिती : इ. स. पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल यांनी प्राण्यांविषयीच्या ग्रंथात अर्चिनांचे अनेक प्रकार सांगितले. त्यांत ‘स्पॅटँगस’ व ‘ब्रिसस’ ही दोन नावे असून हे प्रकार खोल समुद्रातले व दुर्मिळ आहेत, असे त्यांनी नमूद केले आहे. त्यांना नेमके कोणते प्राणी अभिप्रेत होते हे सांगता येत नसले, तरी पुढे प्राणिवैज्ञानिकांनी ही दोन्ही नावे हृदयाकृती अर्चिनांच्या प्रजातींना दिली आणि गणाचे नावही पहिल्या नावावरून पडले.

जिवंत प्राण्याआधी माणसाच्या हाती आले ते त्याचे जीवाश्म. दक्षिण व पूर्व इंग्लंडमधील खडूच्या टेकड्यांत अर्चिनांची दगड बनलेली कवचे विपुल सापडतात. मेंढपाळ त्यांना ‘मेंढपाळांचे मुकुट’ म्हणत व ती शुभ समजून घरात ठेवीत. १८८७ मध्ये वर्दिंग्टन स्मिथ यांनी डन्स्टेबल येथील टेकडीवर ब्राँझयुगातील एका दफनाचे उत्खनन केले. तेथे एका स्त्रीच्या व बालकाच्या सांगाड्यांबरोबर शंभराहून अधिक जीवाश्म अर्चिने पुरलेली आढळली. या वस्तूंना प्रागैतिहासिक काळातच काही विशेष अर्थ प्राप्त झाला होता, असे यावरून दिसते.

शास्त्रीय वर्गीकरणाला अठराव्या शतकात प्रारंभ झाला. याकोप टेओडोर क्लाइन यांनी १७३४ मध्ये अर्चिनांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला व त्यात या प्राण्यांसाठी वापरलेल्या शब्दावरून पुढे संपूर्ण संघाला एकायनोडर्माटा हे नाव मिळाले. टॉमस पेनंट यांनी १७७७ मध्ये ब्रिटिश किनाऱ्यावरील हृदयाकृती अर्चिनाला ‘कॉर्डेटस’ (हृदयाच्या आकाराचा) हे जातिनाम दिले. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८२५ मध्ये एकायनोकार्डियम ही प्रजाती स्थापन केली. खडूतील जीवाश्मांसाठी लूई ॲगासिझ यांनी १८३० नंतरच्या दशकात मायक्रॅस्टर ही प्रजाती स्थापन केली. या काळापर्यंतचे काम मुख्यतः कवचांवर झालेले होते. कवचावरील खाच, पाकळ्यांसारख्या आकृती व पट्ट्या यांची वर्णने अचूक होती. परंतु ही इंद्रिये कशासाठी आहेत, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

बिळाचा शोध : स्कॉटिश निसर्गाभ्यासक डेव्हिड रॉबर्टसन यांनी १८७१ मध्ये जिवंत प्राण्याच्या सवयींसंबंधी एक टिपण प्रसिद्ध केले. तेव्हापासून पुढील शतकभरात पाण्याच्या टाक्यांत वाळू भरून व ओहोटीच्या वेळी पुळणी काळजीपूर्वक खणून अनेकांनी बिळाची रचना तपासली. त्यातून पुढील चित्र तयार झाले.

प्राणी वाळूवर ठेवला असता बाजूचे व खालचे काटे वाळू उकरून बाहेर टाकू लागतात आणि तो सरळ खाली उतरत जातो. पूर्ण वाढलेला प्राणी वाळूच्या पृष्ठाखाली सु. ८ ते १५ सेंमी. खोलीवर राहतो. त्याच्या पाठीपासून तळाच्या पृष्ठापर्यंत एक अरुंद उभी नळी असते. पुढच्या खाचेच्या वरच्या टोकाशी असलेले, अतिशय लांब होऊ शकणारे नालपाद (पाण्याच्या दाबाने हलणारी पोकळ, नळीसारखी इंद्रिये) या नळीतून वर जातात व तिच्या भिंतींना श्लेष्मा लावून त्या पक्क्या करतात. या नळीतून ऑक्सिजनयुक्त पाणी खाली ओढले जाते. पाठीवरील पाकळ्यांसारख्या पट्ट्यांतील पातळ पापुद्र्यांसारखे नालपाद श्वसनाचे काम करतात. वापरलेले पाणी मागच्या बाजूस जाते. गुदद्वाराखालील नालपादांनी तेथे एक आडवी, टोकाशी बंद असलेली नळी तयार केलेली असते. तीत हे पाणी व मलद्रव्य सोडले जाते व ते भोवतालच्या वाळूत मुरते. प्राणी ताशी काही सेंमी. या गतीने पुढे सरकतो. त्याबरोबर जुनी उभी नळी ढासळते व नवी बांधली जाते. भोवतालची वाळू ऑक्सिजनविरहित, काळपट व सल्फाइडयुक्त असली, तरी या व्यवस्थेमुळे प्राण्याभोवती ताजे पाणी खेळते राहते.

अन्न मिळविण्याचे काम मुखाभोवतालच्या, टोकाशी कुंचल्यासारखे असलेल्या नालपादांकडे असते. ते वाळूचे कण चिकटवून घेऊन मुखात ढकलतात. पृष्ठावर साचलेला सेंद्रिय गाळही उभ्या नळीतून व पुढच्या खाचेतून खाली येतो. म्हणजेच कवचाला हृदयाचा आकार देणारी खाच हा वस्तुतः अन्न वाहून नेणारा मार्ग होय.

या बिळात इतर प्राणीही आश्रय घेतात. टेलिमिया फेरुजिनोसा हा काही मिमी. लांबीचा द्विपुट (दोन शिंपा असलेला) प्राणी मागच्या नळीत राहतो व तिच्यातील पाण्याचा लाभ घेतो. त्याची पिले अर्चिनाच्या काट्यांना चिकटलेली आढळतात. अर्चिनाच्या आतड्याच्या एका पिशवीतही सहजीवन आढळते. बेल्जियन संशोधक शांताल द रिडर, मिशेल झांगू व त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये या पिशवीतील गाठींचे वर्णन केले. पिशवीत शिरलेल्या गाळाच्या कणांभोवती तंतुमय जीवाणूंचे थर बसून या गाठी तयार होतात. हे जीवाणू गंधकाच्या संयुगांचे ऑक्सिडीकरण करणारे असल्याचे पुढील संशोधनात आढळले.

अधिवास व जीवनक्रम : विसाव्या शतकाच्या प्रारंभी अभ्यासाची दिशा एकेका प्राण्याकडून समुदायाकडे वळली. माशांना समुद्रतळावर किती अन्न उपलब्ध आहे, हे मोजण्यासाठी डॅनिश वैज्ञानिक सी. जी. जे. पेटर्सन यांनी तळाचा ठराविक क्षेत्रफळाचा तुकडा उचलून आणणारे उपकरण वापरले. त्यांनी १९११ नंतर प्रसिद्ध केलेल्या अहवालांत डेन्मार्कभोवतालच्या समुद्रतळांचे प्रमुख प्राण्यांवरून समुदाय पाडले. चिखलमिश्रित वाळूतील एका समुदायाला त्यांनी एकायनोकार्डियम व ॲम्फियुरा फिलिफॉर्मिस हा भंगुरतारा यांवरून नाव दिले. क्वचित दिसणारा मानला गेलेला हा प्राणी वस्तुतः समुद्रतळाच्या विस्तीर्ण भागांतील मुख्य रहिवासी आहे, ही गोष्ट या मोजणीमुळे प्रथमच ठळकपणे पुढे आली. याच सुमारास डॅनिश प्राणिवैज्ञानिक टेओडोर मॉर्टेन्सन यांचे कामही चालू होते. त्यांनी १९२८ ते १९५१ या काळात प्रसिद्ध झालेल्या अर्चिनांवरील प्रचंड ग्रंथात सर्व ज्ञात जातींचे वर्णन केले. त्याचे अखेरचे भाग हृदयाकृती अर्चिनांना वाहिलेले आहेत.

या प्राण्यांत नर व मादी वेगळे असतात. वसंत ऋतूच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत अंडी व शुक्राणू पाण्यात सोडले जातात व फलन शरीराबाहेर होते. अंड्यातून बाहेर पडणारा डिंभ लांब बाहूंचा असून त्याला मागच्या बाजूस एक जादा बाहू असतो. तो काही आठवडे प्लवकांत तरंगत राहतो, नंतर रूपांतरण होऊन तळावर उतरतो व वाळूत शिरतो. प्राणी दहा वर्षांहून अधिक जगू शकतो.

एकाच जातीच्या जीवनक्रमात अधिवासाप्रमाणे किती फरक पडतो, हे जे. बी. ब्यूकॅनन यांनी १९६६ मध्ये इंग्लंडच्या नॉर्दंबरलंड किनाऱ्यावरील अभ्यासातून दाखविले. किनाऱ्यालगतच्या वाळूतील प्राणी जलद वाढतात व नियमित प्रजनन करतात. खोल पाण्यातील बारीक, चिखलमिश्रित गाळात राहणारे प्राणी मात्र हळूहळू वाढतात, लहान राहतात व त्यांच्या जनन ग्रंथी पक्व होत नाहीत. अशा ठिकाणची वस्ती इतरत्र जन्मलेल्या व प्रवाहाबरोबर आलेल्या डिंभांवर टिकून राहते. एखाद्या ठिकाणी प्राणी विपुल आहेत एवढ्यावरून ते स्थान त्यांना सर्वस्वी अनुकूल आहे, असे ठरत नाही, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

खडूतील जीवाश्म व क्रमविकासाचा प्रश्न : चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये आपला सिद्धांत मांडताना, एका जातीतून दुसरी जाती हळूहळू निर्माण होत असल्याचे दाखविणाऱ्या जीवाश्मांच्या सलग मालिका मिळत नाहीत, ही अडचण स्वतःच नोंदविली होती व तिचे कारण भूवैज्ञानिक पुराव्याची अपूर्णता हे दिले होते. इंग्लंडमधील खडूचे थर या दृष्टीने उपयुक्त होते. ते दीर्घकाळ शांत समुद्रात सूक्ष्म कवचांच्या गाळापासून साचले असून त्यांत मायक्रॅस्टर विपुल आहे.

मार्गेट येथे वैद्यकीय व्यवसाय करणारे आर्थर रो यांनी ही संधी साधली. प्रत्येक नमुना नेमक्या कोणत्या थरातून काढला याची काटेकोर नोंद ठेवून त्यांनी मोठा संग्रह केला व १८९९ मध्ये त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. खालच्या थरांकडून वरच्या थरांकडे जाताना मायक्रॅस्टरच्या कवचात पुढील बदल क्रमाने होत गेल्याचे त्यांना आढळले : कवच अधिक रुंद व उंच झाले, त्याचा सर्वांत उंच बिंदू मागे सरकला, पुढची खाच खोल झाली, मुख पुढच्या कडेच्या जवळ आले व त्यावरील ओठासारखी कड वाढली, पाकळ्यांसारख्या पट्ट्या लांबल्या, गुदद्वाराखालील पट्टी रुंद झाली. हे बदल इतके नियमित होते की, एखाद्या कवचावरून ते कोणत्या थरातले आहे हे सांगता येऊ लागले. या संशोधनामुळे खडूच्या थरांचे कालनिर्धारण सुकर झाले आणि मायक्रॅस्टरची मालिका हे क्रमविकासाचे नमुनेदार उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकांत आले.

बदल कसे झाले हे रो यांनी दाखविले. ते का झाले असावेत याचे स्पष्टीकरण मिळण्यास आणखी साठ वर्षे लागली. केनेथ कर्मॅक यांनी १९५४ मध्ये वरच्या थरांतील दोन निकटच्या प्रकारांचा संख्याशास्त्रीय मोजमापांच्या आधारे अभ्यास केला. त्यानंतर डेव्हिड निकल्स यांनी १९५९ मध्ये वेगळा मार्ग धरला. त्यांनी प्रथम एकायनोकार्डियम, स्पॅटँगस इ. जिवंत हृदयाकृती अर्चिनांची बिळे, नालपाद व काटे यांची तपासणी केली. कोणती जाती किती खोल जाते व त्यासाठी तिच्या कवचात कोणती वैशिष्ट्ये आहेत, हे निश्चित केल्यावर ते मायक्रॅस्टरकडे वळले. पट्टी रुंद असेल, तर पाण्याचा प्रवाह जोरदार. श्वसनाच्या पट्ट्या लांब असतील, तर श्वसनाचे नालपाद अधिक. खाच खोल असेल, तर अन्नाचा मार्ग अधिक सोयीचा, असे अनुमान त्यांनी केले. त्यावरून मायक्रॅस्टरची मुख्य शाखा उत्तरोत्तर अधिक खोल बिळे करू लागली, तर गुदद्वाराखालील पट्टी क्षीण असलेली दुसरी शाखा पृष्ठालगत राहिली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कवचावरील वर्णनात्मक खुणांना अशा रीतीने प्रथमच जीवनपद्धतीचा अर्थ प्राप्त झाला.

या निष्कर्षांवर पुढे मर्यादा पडल्या. आर. बी. स्टोक्स यांनी १९७० नंतरच्या दशकात यूरोपातील मायक्रॅस्टरच्या भौगोलिक वाटणीचा अभ्यास केला. इंग्लंडमधील थरांत क्रमाने दिसणारे सर्व प्रकार तेथेच एकमेकांपासून निर्माण झाले असे नसून काही इतर प्रदेशांतून तेथे आले असावेत, असे मत त्यातून पुढे आले. एका सरळ रेषेऐवजी अनेक फाटे व स्थलांतरे यांचे चित्र त्यामुळे अधिक संभवनीय ठरले. शिवाय खडूचा तळ हा मऊ चुनखडी चिखलाचा होता, तर तुलनेसाठी घेतलेल्या जाती मुख्यतः वाळूतल्या व भरड गाळातल्या आहेत. माध्यम बदलले की बिळाची यंत्रणाही बदलू शकते. तथापि जीवाश्माची रचना समजून घेण्यासाठी त्याच्या जिवंत आप्ताचे वर्तन पाहावे, ही निकल्स यांची पद्धती मान्य झाली आहे. रिचर्ड ब्रॉम्ली व उला आसगोर यांनी १९७५ मध्ये याच पद्धतीने हृदयाकृती अर्चिनामुळे गाळात उमटणाऱ्या रचनांचा अभ्यास केला. कवच नष्ट झाले तरी मागच्या नळीचा ठसा खडकात राहू शकतो. अशा ठशांवरून प्राण्याचे अस्तित्व आता ओळखता येते.

भारतीय जीवाश्म : क्रिटेशस काळातील हृदयाकृती अर्चिनांचे जीवाश्म भारतातही आढळतात. नर्मदेच्या खोऱ्यातील बाघ (मध्य प्रदेश, धार जिल्हा) येथील सागरी थरांतून मिळालेल्या अर्चिनांचे वर्णन पीटर मार्टिन डंकन यांनी १८६५ मध्ये केले. त्यांत हेमिॲस्टर या प्रजातीचा समावेश आहे. फर्डिनांड स्टोलिच्का यांनी १८७३ मध्ये दक्षिण भारतातील क्रिटेशस थरांतील कंटकचर्मी प्राण्यांवर लेखन केले. दख्खनच्या लाव्हा प्रवाहांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता, याचा बाघ येथील जीवाश्म हा महत्त्वाचा पुरावा आहे.

अलीकडील संशोधन व महत्त्व : एकायनोकार्डियम कॉर्डेटम ही जाती यूरोपाप्रमाणेच जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इ. दूरच्या प्रदेशांतही आढळते, असे दीर्घकाळ मानले जात होते. फ्रेंच संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएनए अभ्यासावरून या एका नावाखाली बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या अनेक जाती असल्याचे सूचित झाले. कवचाच्या आकारावर आधारलेल्या मायक्रॅस्टरच्या जातींचा विचार करतानाही हा इशारा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

समुद्रतळाच्या रासायनिक व्यवहारात या प्राण्याचे स्थान मोठे आहे. गाळ सतत ढवळल्यामुळे ऑक्सिजन खोलवर पोहोचतो व गाळात अडकलेली पोषक द्रव्ये पाण्यात परत येतात. ड्रू लोहरर, सायमन थ्रश व मॅक्स गिब्ज यांनी २००४ मध्ये न्यूझीलंडमधील एकायनोकार्डियमवर केलेल्या प्रयोगांत, या अर्चिनांची संख्या अधिक असेल तेथे तळावरील सूक्ष्म शैवलांची उत्पादनक्षमता वाढते, असे दाखविले.

ठिसूळ कवच व मंद हालचाल यांमुळे हा प्राणी बाह्य आघातांना लवकर बळी पडतो. तळावरून ओढल्या जाणाऱ्या जड जाळ्यांमुळे उत्तर समुद्रात त्याची हानी होत असल्याचे डच संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात मोजून दाखविले. पृष्ठालगत राहणाऱ्या लहान प्राण्यांना हा धोका विशेष असतो. तेलविहिरींभोवतीच्या प्रदूषणासही तो संवेदनशील आहे. त्यामुळे गाळाची विषारता पारखण्यासाठी प्रयोगशाळेत त्याचा उपयोग करण्यात येऊ लागला. हृदयाकृती अर्चिनांची संख्या घटली, तर केवळ एक जाती विरळ होते असे नव्हे, तर समुद्रतळाचा वरचा थर सच्छिद्र व सजीव ठेवणारी प्रक्रियाच मंदावते. पृष्ठावरून मात्र हा बदल दिसून येत नाही. म्हणून पेटर्सन यांनी सुरू केलेल्या प्रत्यक्ष मोजणीच्या पद्धतीचे महत्त्व आजही कायम आहे.